मामंजींचं प्रस्थान

बेत करण्यात आमच्या मामंजींचा हात धरणारा पोलादपूर तालुक्यात दुसरा कोणी नव्हता. मामंजी म्हणजे माझे सासरे, येसाजी. सावित्रीच्या काठाला चांगली भातजमीन, दारात बैलजोडी, गोठ्यात म्हशी, घरात कशाची वाण नाही. पण माणूस बेतावर जगायचा. माडी बांधायचा बेत झाला, तिचा जिना ओटीवरून घ्यायचा की माजघरातून यावर दोन पावसाळे गेले, आणि माडी राहिली ती राहिलीच. हिरकणीवाडीकडून रायगड चढायचा बेत तर माझ्या लग्नाआधीपासून शिजत होता. शिदोरी काय न्यायची, ती कुठल्या टाक्याशी बसून सोडायची, सगळं ठरलेलं. फक्त जायचं तेवढं बाकी होतं.

मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. आमच्याकडे मनात आलं की माणूस पायात वहाणा घालतो. त्यामुळे नवी सून असताना या बेतांचा मला फार राग यायचा. माझी जीभही जरा लांबच आहे, पण सासऱ्यांपुढे ती आत ठेवावी लागे, आणि तो राग भाकरी थापण्यात जायचा. माझ्या भाकऱ्या गावात पातळ म्हणून नावाजलेल्या होत्या, त्याचं कारण हे.

त्या साली शिमग्याला आमचे हे मुंबईहून आले. नाव मुरारी, सांगण्यापुरतं घेतलं, पुन्हा घेणार नाही. हे मुंबईत एका मोटारीच्या कारखान्यात कामाला होते. पालखी आमच्या दारावरून पुढं गेली, पुरणपोळ्या झाल्या, आणि संध्याकाळी ओटीवर बसून यांच्या मुंबईच्या गोष्टी सुरू झाल्या.

"एका सायबाची लॉरी आलीया आमच्याकडं दुरुस्तीला," हे सांगत होते. "चाकावरचं घरच म्हना ना. आत पलंग, कपाट, ष्टोव्ह, समदं एकदम फस्क्लास. सायब रानात जातो तवा त्याला बंगला नको, हाटेल नको. जिथं गाडी हुबी केली तिथं घर झालं."

"आन रानात जाऊन करतो काय?" मामंजींनी विचारलं.

"दगडातली पावलं बघतो. त्याच्या पुस्तकात चित्रं हायेत. लाखो वर्सांआधी हत्तीपरीस मोठ्या पाली व्हत्या म्हनं, दोन पायांवर चालनाऱ्या. त्या चिखलातून गेल्या, चिखलाचा दगड झाला, पावलं ऱ्हायली. ही येवढी!"

मामंजी हसून म्हणाले, "पाली? मुंबईचं पानी लागलंय तुला."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई राहीबाई, उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तीन बोटांची का रं?"

"व्हय. तुला कसं ठावं?"

"ती तर आमच्या खडपकोंडला हायेत."

मामंजींचं हसू तिथंच थांबलं. कारण खडपकोंड हे नाव आमच्या घरात कोणी काढत नसे.

खडपकोंड म्हणजे आत्याबाईंचं माहेर. आंबेनळी घाटाच्या रस्त्याने थोडं चढून गेलं की उजव्या हाताला गाडीवाट आत उतरते, तिथं दरीच्या कडेला बसलेली वाडी. मामंजींचं लग्न तिथंच लागलं. रिवाजाप्रमाणे नवरीच्या धाकट्या भावाने, सोनबाने, नवरदेवाचा कान पिळला. पोरगा हौशी, त्यात मामंजी पंगतीला वाकलेले. कान असा काही पिळला की मामंजींचं नवं कोरं पागोटं सुटून समोरच्या आमटीत पडलं. मांडवात हशा पिकला. मामंजी तसेच उठले, हात न धुता चूळ थुंकली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या गावचं पानी मी पुन्हा पिनार नाय."

ते खरं केलं त्यांनी. आणि जिथलं पाणी नवरा पीत नाही तिथं बायकोने राहायला जायचं नाही, हा त्या शपथेतलाच पोटनियम. आत्याबाई माहेरी गेल्या त्या त्यांची आई वारली तेव्हा, आणि दिवेलागणीच्या आत परत आल्या. कधी भांडण निघालंच तर मामंजी म्हणायचे, "सोनबाचं सोड गो. मांडवात तूसुदीक हसलीस." आत्याबाई म्हणायच्या, "हसू आलं तर हसायचं नाय व्हय?" त्यापुढं भांडण कधी गेलं नाही, आणि मागंही हटलं नाही.

तर त्या संध्याकाळी मामंजी तसेच उठून गेले. मला वाटलं, संपलं. पण सकाळी न्याहारीला बसले आणि भाकरी मोडता मोडता यांना म्हणाले, "मुरारी, त्या सायबाच्या गाडीत पानी कुठं ठेवत्यात?"

मी चुलीपाशी होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मामंजींच्या डोक्यात बेत शिरला होता.

बेत असा होता. पावलांचं खडप, म्हणजे सपाट कातळ, वहाळात आहे, वाडीबाहेरच्या ओढ्यात. तिथं आपली गाडी नेऊन उभी करायची. गाडीतच राहायचं, गाडीतच खायचं, आपल्याच विहिरीचं पाणी प्यायचं. कोणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. पावलं बघायची आणि माघारी यायचं. शपथही राहते आणि पावलंही दिसतात. मामंजी स्वतःवर इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी म्हशींनासुद्धा दोन गोड शब्द ऐकवले.

"वहाळाचं पानी वरच्या डोंगरातनं येतं. ते गावचं न्हवं," आत्याबाई एकदा बोलून पाहायचं म्हणून बोलल्या.

"गावाला लागून येतं ना? मंग लागलं गाव त्याला."

"आन बैलं?"

यावर मामंजींनी बराच विचार केला. "बैलांनी शपथ घेतलेली नाय," ते शेवटी म्हणाले.

मग गाडीचं घर व्हायला लागलं. महाडहून बुरूड बोलावून बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर विणून घेतलं. आत यांनी फळ्यांचा पलंग केला, दिवसा बाजूला उभा करायचा आणि रात्री आडवा पाडायचा. कडेला खुंट्या मारल्या; एकीवर कंदील, एकीवर घोंगड्या, एकीवर मामंजींचं पागोटं. पत्र्याची चूल केली, ती मागे टांगायची. आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे घासलेटचे मोठे डबे उकळून धुऊन त्यांना यांनी पितळी तोट्या बसवल्या. तोटी फिरवली की पाणी. अख्खी वाडी ती तोटी फिरवून बघायला यायची, आणि बघून झालं की मला पुन्हा विहिरीवर जावं लागायचं. चाकावरचं घर होतं, पण पाणी माझ्याच डोक्यावर होतं.

मामंजी आता गाडीपासून हलेनात. तांदळाचं पीठ, कुळथाचं पीठ, सुके बोंबील, कांदे, गूळ, पोहे, लोणच्याची बरणी, कशाला कुठली जागा हे ठरायचं, मोडायचं, पुन्हा ठरायचं. बरणी डावीकडे ठेवली तर घाट चढताना कलंडेल, उजवीकडे ठेवली तर उतरताना. यावर गावातल्या जाणत्या लोकांचं मत घेण्यात आलं.

आत्याबाई यात कुठंच नव्हत्या. पण एक दिवस पाहते तर घरात बसून नारळाच्या वड्या थापतायत, चांगलं मोठं ताट भरून. "कोनाला गो येवढ्या?" मामंजींनी दारातून विचारलं. "वाटंत भूक लागली तर," त्या म्हणाल्या. वाटेत एवढी भूक फक्त सोनबाच्या पोरांना लागणार होती, हे मामंजींना सोडून सगळ्यांना कळलं. कदाचित त्यांनाही कळलं असेल.

मला तर पहिल्या दिवसापासून कळत होतं. आत्याबाईंना पावलं बघायची नव्हती, ती त्यांनी लहानपणी रोज बघितलेली. त्यांना माहेरच्या दारात उभं राहायचं होतं, आणि तेही नवऱ्याबरोबर. ते नाही जमलं तर निदान छपरावरचा धूर दिसेल इतक्या जवळ जायचं होतं. विहिरीवर एकदा कळशी बुडवता बुडवता त्या म्हणाल्या, "शकू, माडीवानी ह्या बेताचं नको व्हाया गो. ह्या टायमाला नाय गेलं तर मी काय पुन्हा जात नाय." त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

आणि बेत माडीच्याच वाटेला लागला होता. आता मामंजींना छपरावर गवत हवं होतं, पाऊस आला तर म्हणून, चैत्रात! यांची रजा सरत चालली होती. तेव्हा मी माझी जीभ थोडी बाहेर काढली. डोक्यावर पदर नीट घेतला आणि दाराआडून म्हटलं, "मामंजी, सगळं झालं, पण दिवस कुठं विचारलाय?"

मामंजी चपापले. एवढा मोठा बेत आणि मुहूर्तच नाही! लगेच पोलादपूरला जोश्यांकडे गेले. जोश्यांनी जवळचाच गुरुवार दिला. त्यानंतर बरेच दिवस काही चांगलं नाही, असंही सांगितलं. (यात माझा हात नव्हता. पण जोश्यांना काही द्यायचं असतं तर मी दिलं असतं.)

गुरुवार उजाडला आणि गाडी एका चाकावर. दुसऱ्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली म्हणून चाक लोहाराकडे गेलेलं, आणि लोहार सोयऱ्यांकडे. मामंजींनी कपाळाला हात लावला. मला तर वाटलं त्यांना मनातून बरंच वाटतंय. पण आत्याबाई उठल्या, मामंजींचं धोतर, उपरणं, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड एका फडक्यात बांधलं आणि ते गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "दिवस नको जाया. पस्तान ठेवा," त्या म्हणाल्या.

प्रस्थानाची ही रीत आमच्याकडे सगळेच पाळतात. मुहूर्तावर निघणं जमत नसलं तर आपली वस्त्रं वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ठेवली की माणूस निघाला असंच धरायचं. ते गाठोडं परत घरात आणायचं नाही, दुसऱ्याने उचलायचं नाही. ज्याचं त्याने जाऊन उचलायचं आणि तसंच पुढं चालायला लागायचं. मामंजींनी गाठोडं घाटाच्या बाजूच्या शेवटच्या घरात, साळूबाईकडे, देवाजवळ ठेवलं आणि घरी येऊन छपराचं गवत बघायला लागले.

साळूबाई विधवा, एकटीच राहायची. तिची लेक दिलेली होती खडपकोंडलाच. दोन-तीन दिवसांनी तिला घाईचं बोलावणं आलं, लेकीचं पोट दुखायला लागलंय म्हणून. साळूबाई कुलूप लावून निघाली आणि दारातच थांबली. घरात प्रस्थान! बंद घरात ठेवावं तर माणसाची वाट बंद होणार. आमच्याकडे परत आणावं तर निघालेला माणूस माघारी फिरणार, त्याहून वाईट. दुसऱ्याने उचलायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण तीन दोषांतला हाच तिला धाकटा वाटला. पुढं नेलं तर निदान वाट तरी पुढंच जाते. हात जोडून तिने गाठोडं उचललं आणि बरोबर घेतलं.

लेकीकडे पोचते तर मुलगी झालेली, घरात सोयर. सोयराच्या घरात दुसऱ्याचं प्रस्थान कसं ठेवायचं? मामंजींचं म्हणावं असं त्या वाडीत एकच घर होतं. साळूबाईने गाठोडं सोनबाच्या घरी नेऊन दिलं. तिचं यात काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

आम्हाला हे कळलं ते पांडूकडून. पांडू हा खडपकोंडचा, पोलादपूरच्या बाजाराला येणारा. तो ओटीसमोर उभा राहिला, मामंजींना रामराम घातला आणि निरोप सांगितला, "सोनबानं सांगितलंय, दाजी पोचल्यात, खुशाल हायेत, घोर नको. आता मागची मानसं कवा येतायत?"

आमचे हे फिस्सकन हसले आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मामंजींना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. उलगडा झाला तसे ते लाल झाले. "कुनी सांगितलं व्हतं तिला? त्याच्या घरात? माझं धोतर?" असं म्हणत अंगणात फेऱ्या मारल्या, साळूबाईच्या बंद घराकडे बघून बरंच काही बोलले, आणि शेवटी गाडीजवळ जाऊन खुंटीवरचं पागोटं काढून आणलं. "ऱ्हायलं समदं. कोन कुठं जात नाय."

त्या दिवशी ते जेवायला बसले, पण घास उतरेना. पुन्हा पुन्हा तेच. "माझी वस्त्रं त्याच्या घरात. आजची रातबी तिथंच. उंद्याबी तिथंच."

आत्याबाई वाढत होत्या. त्यांनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि समोर बसल्या. नवऱ्यासमोर अशा बसलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

"तुमचं येक धोतर त्या घरात ऱ्हायलं तर तुमाला जेवन गोड लागंना," त्या म्हणाल्या. "माझं समदं ल्हानपन तिथं ऱ्हायलंय. माजी आय तिथं गेली. भाऊ तिथं म्हातारा झाला. मी जेवत आलेच ना इतकी वर्सं? तुमच्या घरात मला काय कमी न्हवतं, ते मी कवा म्हनले नाय. पर मला जायाचं हाय. पावलं बघाया न्हवं. मला माझ्या घराला जायाचं हाय, आन तुमच्या संगती जायाचं हाय."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आत गेल्या. मामंजी पानावर तसेच बसून राहिले. मी भाकरी आणली तर नको म्हणाले नाहीत, घेतलीही नाही. यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी स्वतः लोहाराच्या मागे लागून चाक घेऊन आले. छपरावर गवत घातलं नाही. बरणी डावीकडे ठेवली की उजवीकडे ते कोणी पाहिलंसुद्धा नाही. काजळ्या आणि मोऱ्या, दोन्ही बैल गाडीला जुंपले आणि मामंजी म्हणाले, "चला. मी गाठुडं उचलून आननार. बाकी बेत तोच. पानी आपलंच."

निघालो बाई एकदाचे! गाडी वाडीतून बाहेर पडली तेव्हा पोरं मागे धावत आली, आणि मी छपराखाली पलंगावर बसून महाडच्या एखाद्या सावकारिणीसारखी बाहेर बघत होते. घाट लागला, वर महाबळेश्वराचे डोंगर दिसायला लागले, पळस फुलला होता. आत्याबाई पुढच्या बाजूला बसल्या होत्या आणि एकेक वळण आधीच सांगत होत्या. इथं आंब्याचं झाड आहे. इथं शेंदराचा दगड. झाड होतं, दगडही होता. दर वेळी त्या माझ्याकडे वळून बघायच्या, मी पाहिलं ना म्हणून.

पाणी मात्र राहिलं नाही. गाडीच्या धक्क्यांनी यांच्या पितळी तोट्या ढिल्या झाल्या आणि आमच्या विहिरीचं पाणी घाटभर थेंब थेंब सांडत आलं. खडपाशी गाडी उभी केली तेव्हा डब्यांत चमचाभर नव्हतं. हे डबे हलवून बघत राहिले. आम्ही बायका वहाळाच्या डोहावर गेलो आणि पोटभर पाणी प्यालो. आमचे हेही प्याले. मामंजींनी खिशातले सुकवलेले आवळे काढले आणि चघळत उभे राहिले.

"अवं, प्या थोडं," आत्याबाई म्हणाल्या.

"तहान कुनाला लागलीया?" मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज खरखरीत येत होता.

आणि मग आम्ही पावलं पाहिली. वहाळाच्या पात्रात चांगलं अंगणाएवढं काळं सपाट खडप होतं, आणि त्यावर एका ओळीत, या काठाकडून त्या काठाकडे, तीन तीन बोटांची पावलं. एकेक पाऊल सुपाएवढं. पलीकडच्या काठाशी ती डोंगराच्या पोटात शिरत होती, जणू ते जनावर दार उघडून आत गेलं असावं. मी महाडची, सहजासहजी कशाला दबणारी नाही. पण एका पावलात मी माझं पाऊल ठेवलं आणि अंगावर काटा आला. वाडीची माणसं याला वाघजाईचा कोंबडा म्हणत, आणि नवा भात निघाला की मूठभर तांदूळ आणून टाकत.

मामंजी तर तहानबिहान विसरले. या पावलावरून त्या पावलावर जायला गेले, ढांग पुरेना, तेव्हा धोतर सावरून चक्क उडी मारली. शेवटपर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "मुरारी! सायबाला सांग, हितं बी हायेत म्हनावं!" मग आत्याबाईंकडे बघून जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगत व्हतीस गो."

"मंग काय खोटं?" आत्याबाई म्हणाल्या. "ह्या बोटातल्या पान्यात आमी भावल्या न्हाऊ घालायचो." पण बोलताना त्या खडपाकडे बघतच नव्हत्या. वरच्या अंगाला झाडांतून वाडीचा धूर दिसत होता, तिकडे बघत होत्या.

मामंजींनी आवळा थुंकला. "चला," ते म्हणाले. "गाठुडं आनू."

सोनबाच्या अंगणात आम्ही पोचलो तसं अख्खं घर बाहेर आलं. ज्या पोराने कान पिळला होता तो आता पिकल्या मिशांचा, जरा वाकलेला माणूस होता. आत्याबाई आणि तो एकमेकांकडे बघतच राहिले. मामंजी अंगणाच्या कडेला, तुळशीच्या अलीकडे उभे. "माझं पस्तान तेवढं भायेर आना," त्यांनी फर्मावलं.

सोनबाची बायको चंद्राबाई पुढं झाली. "साळूबाईनं येकदा उचललं, तेवढा दोष पुरं झाला. आता आमी नाय हात लावायचो, दाजी. तुमाला ठावंच हाय."

त्यांना ठाऊकच होतं. वहाणा काढून ते आत गेले, त्यांच्या मागोमाग आम्ही. माजघरात देवळीखाली पाट मांडलेला, पाटावर ते गाठोडं, त्याला हळदकुंकू लावलेलं. पाटापुढं केळीचं पान मांडून ठेवलेलं, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या.

"हे काय?" मामंजींनी विचारलं.

"पयल्या दिशी नुसतं देवापाशी ठेवलं व्हतं," चंद्राबाई म्हणाली. "मंग हे बोलले, येवढ्या वर्सांनी दाजी आल्यात, त्यांना उपाशी ठिवायचं व्हय? तवापासनं दोनी टायमाला पान वाढतो. आधी तुमचं, मंग आमची पंगत."

"आन पानी?"

"तर! तांब्या भरून. डोहाचं, गार."

मामंजी गाठोड्याकडे बघत राहिले. माडीचा जिना कुठून घ्यायचा हे ठरवताना त्यांच्या कपाळावर जशा आठ्या पडायच्या तशा पडल्या.

"म्हंजे मी प्यालो," ते म्हणाले.

"कवाच!" सोनबा म्हणाला.

"रोज?"

"रोज, दोनदा."

मामंजींनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "मंग आता मला घसा सुकवत हुबा कशाला केलाय? आन बाय, पानी आन!"

चंद्राबाई हलायच्या आत सोनबानेच तांब्या उचलून दिला. मामंजी वरून धार धरून घटाघटा प्याले, आणखी मागितलं, ते प्याले. पान वाढलं तेव्हा पाटावर बसायच्या आधी त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून लांब खुंटीला अडकवलं, सोनबाकडे डोळे वटारून बघत. आत्याबाईंना हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. आणि मामंजीच मग एवढे हसले की त्यांना ठसका लागला, पुन्हा पाणी आणावं लागलं.

नारळाच्या वड्या पोरांनी बघता बघता संपवल्या. रात्री राहा असा आग्रह झाला, आणि कोणी नको म्हटलं नाही. चाकावरच्या त्या घरात, यांनी एवढा रंधा मारून केलेल्या पलंगावर, शेवटी सोनबाची मांजर झोपली.

मामंजींच्या बेताप्रमाणे दुसऱ्या दिवशी उजाडताच निघायचं होतं. मी उठले, चूल पेटलेली होती, पण चुलीपाशी चंद्राबाई. आत्याबाई नव्हत्या. अंगणात नव्हत्या, गोठ्यात नव्हत्या. मी आतल्या खोलीत डोकावले, तर एका जुन्या घोंगडीवर कुशीला वळून, हात गालाखाली घेऊन त्या झोपलेल्या. दारातून ऊन आत येऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं.

मी तिथंच उभी राहिले. आमच्या घरात सून म्हणून आल्यापासून आत्याबाईंना झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. माझे डोळे उघडायच्या आधी त्या उठलेल्या असायच्या, आणि माझे मिटल्यावर त्या निजायच्या. झोपेत त्यांचा चेहरा इतका लहान दिसत होता की मला त्यांना हाक मारवेना.

तेवढ्यात मागून मामंजी आले. बैल जुंपून झाले होते, त्यांच्या हातात आसूड होता. "उठव तिला, ऊन चढंल," असं म्हणत त्यांनी आत पाहिलं, आणि हातातला आसूड दाराशी टेकवून ठेवला.

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. झोपू दे तिला. माहेरी हाय ती."

आणि बाहेर जाऊन, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजू नयेत म्हणून एकेक घंटा मुठीत धरून, त्यांनी जू उतरवून गाडी सोडली.